आमवात असताना बाळंतपण: सातव्या महिन्यापासून कामावर रुजू होईपर्यंत

माझे बाळ बावीस दिवसांचे असताना एका पहाटे साडेपाच वाजता मला त्याच्या झबल्याचे बंद बांधता आले नाहीत. झबले मऊ सुती, पुढून उघडणारे आणि दोन जोड्या नाड्यांचे होते. नाडीचे टोक अंगठा आणि तर्जनीत धरले की ते निसटत होते, कारण बोटे एकमेकांजवळ येत होती, पण त्यांना दाब देता येत नव्हता. आई रात्री दोनदा उठली होती म्हणून तिला हाक मारायला मी कचरत होते. शेवटी बाळाला तसेच दुपट्यात गुंडाळून, छातीशी धरून, उजाडेपर्यंत बसून राहिले.

मला सत्ताविसाव्या वर्षी आमवाताचे, म्हणजे डॉक्टर ज्याला रूमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात त्या आजाराचे निदान झाले. गरोदरपणात तो जवळजवळ नाहीसा झाला होता आणि मी मनोमन त्याला निरोपही देऊन टाकला होता. अनेक जणींचा आमवात गरोदरपणात निवळतो आणि प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत पुन्हा उसळतो, हे मला कोणी वेळेवर सांगितले नव्हते. नेमके याच काळात घरातल्या सगळ्यांचे लक्ष बाळाकडे वळलेले असते आणि बाळंतिणीचे प्रत्येक दुखणे ‘बाळंतपण म्हटले की अंग दुखणारच’ या एका वाक्याखाली झाकले जाते. त्या वाक्यामुळे माझ्या उपचारांचे सहा आठवडे वाया गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून जे मला नंतर कळले, ते येथे क्रमाने लिहीत आहे. औषधांचा अंतिम निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच असेल; मात्र त्यांना कोणते प्रश्न विचारायचे, हे तुम्हाला आधीपासून ठाऊक असले पाहिजे.

१. सातव्या महिन्यात दोन्ही डॉक्टरांना एका कागदावर आणा

तुमचे संधिवाततज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ बहुधा वेगवेगळ्या रुग्णालयांत, पहिले बाळंतपण माहेरी होणार असेल तर वेगवेगळ्या गावांतही असतील. माझे संधिवाततज्ज्ञ पुण्यात होते आणि प्रसूती सुमारे १६० किलोमीटरवर कऱ्हाडला झाली. त्या दोघांचे एकमेकांशी कधीच बोलणे झाले नाही. मी दोघांनाही निरोप सांगत राहिले आणि तो प्रत्येक वेळी अर्धवट पोहोचला.

म्हणून सातव्या महिन्याच्या भेटीत संधिवाततज्ज्ञांकडून त्यांच्या सहीशिक्क्याचे एक पानी पत्र घ्या. त्यात चालू औषधे आणि मात्रा, प्रसूतीच्या दिवशी कोणते औषध चालू ठेवायचे, अंगावर पाजताना कोणते चालेल, आणि आजार उसळला तर पहिला उपाय कोणता, एवढे स्पष्ट लिहिलेले असावे. तुम्ही काही आठवड्यांपासून प्रेडनिसोलोनसारखे स्टिरॉइड घेत असाल तर ते अचानक बंद करणे धोक्याचे असते आणि प्रसूतीच्या वेळी त्याची जादा मात्रा लागू शकते, हेही त्या पत्रात यायला हवे. मान आखडत किंवा दुखत असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाण्याआधी सांगणे अत्यंत आवश्यक आहे, कारण आमवात मानेच्या मणक्यांनाही धरू शकतो आणि मग भूल देताना मान वळवण्याबाबत त्यांना वेगळी काळजी घ्यावी लागते.

प्रसूतीनंतरच्या सहाव्या आठवड्यात संधिवाततज्ज्ञांची भेटही याच वेळी ठरवून ठेवा. ओल्या बाळंतिणीला प्रवास झेपणार नसेल तर दूरध्वनीवरून किंवा व्हिडिओवरून तपासणी होईल का, हे आधीच विचारून घ्या.

२. औषधे आणि अंगावरचे दूध: सर्वांत मोठा गैरसमज

माझ्या डिस्चार्ज कार्डावर आमवाताचा उल्लेखच नव्हता. निघताना वॉर्डातल्या एका व्यक्तीने ‘पाजताय ना, मग जुन्या गोळ्या बंदच ठेवा’ असे सांगितले आणि मी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे माझे आमवाताचे औषध थांबवले. ते थांबवण्याचे काहीच कारण नव्हते. हे औषध शरीरातून सावकाश उतरते, त्यामुळे पहिले काही दिवस काही जाणवत नाही आणि आपल्याला वाटते की निभावले. पुन्हा सुरू केल्यावर त्याचा गुण यायलाही कित्येक आठवडे लागतात. ती दरी भरून काढण्यासाठी मला स्टिरॉइडचा छोटा कोर्स घ्यावा लागला.

स्थूलमानाने चित्र असे आहे. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि सल्फासॅलॅझिन ही औषधे अंगावर पाजताना सहसा चालू ठेवता येतात. मात्र बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, त्याला कावीळ झालेली असेल किंवा जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरता असेल, तर सल्फासॅलॅझिनबद्दल बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. प्रेडनिसोलोन दुधात फार थोडे उतरते. दिवसाची मात्रा २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर गोळी घेतल्यानंतर चार तास थांबून पाजावे, असा सल्ला दिला जातो. वेदनेसाठी पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन ही पाजणाऱ्या आईसाठी नेहमीची निवड आहे. मेथोट्रेक्सेट, लेफ्लुनोमाइड आणि टोफॅसिटिनिब मात्र अंगावर पाजत असताना घेत नाहीत.

यावरून एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. ‘एक तर दूध, नाहीतर औषध’ अशी निवड बहुतेक जणींपुढे उभीच राहात नाही. ती निवड खरोखरच आली, म्हणजे आजार इतका तीव्र झाला की मेथोट्रेक्सेटशिवाय गत्यंतर नाही, तर वरचे दूध देऊन उपचार घेणारी आई आपल्या बाळाचे काहीही हिरावून घेत नाही, असे मी पूर्ण विचारांती सांगते. सांधे एकदा झिजले की ते भरून येत नाहीत आणि त्या हातांची मुलाला पुढची वीस वर्षे गरज असते.

कोणीही औषध बंद करायला सांगितले तर ‘हे लिहून द्याल का?’ असे नम्रपणे विचारा आणि ते लिहिलेले आपल्या संधिवाततज्ज्ञांना दाखवल्याशिवाय बंद करू नका.

३. बाळाच्या लसीबद्दल एक महत्त्वाची सूचना

गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तुम्ही अॅडॅलिम्युमॅबसारखी बायोलॉजिक, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी, इंजेक्शने घेतली असतील तर ते बालरोगतज्ज्ञांना बाळ जन्मण्यापूर्वीच सांगा. आपल्याकडे बीसीजीची लस जन्मतःच दिली जाते. ती जिवंत जंतूंची लस असल्याने अशा बाळांच्या बाबतीत ती सहसा काही महिने पुढे ढकलतात. प्रसूतीच्या गडबडीत परिचारिका नेहमीच्या क्रमाने लस देऊन मोकळी होईल, म्हणून ही सूचना फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा. फक्त हायड्रॉक्सीक्लोरोक्विन किंवा सल्फासॅलॅझिन चालू असेल तर लसीकरण नेहमीच्या वेळापत्रकानेच होते.

४. माहेरचे घर आठव्या महिन्यात एकदा डोळ्यांखालून घाला

बाळंतिणीची खोली बहुधा घराच्या आतल्या बाजूला, जमिनीवर गादी घातलेली असते. आमवात असलेल्या बाईसाठी जमिनीवरून उठणे ही दिवसातली सर्वांत अवघड हालचाल आहे आणि तान्ह्या बाळामुळे ती रात्रंदिवस कितीतरी वेळा करावी लागते. पलंग मागून घ्या. गुडघ्यांपेक्षा किंचित उंच असला तर उत्तम. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर कमोडची खुर्ची आणून ठेवा. वैद्यकीय साहित्याच्या दुकानांत ती भाड्यानेही मिळते.

पुढील वस्तू मी जमवल्या आणि त्या सर्व उपयोगी पडल्या:

– दोन घट्ट लोड आणि एक चपटी उशी, पाजताना हाताखाली घेण्यासाठी
– मनगटाचे दोन पट्टे, म्हणजे एक धुवायला टाकला तरी दुसरा हाताशी राहतो
– चिकटपट्टीची (वेल्क्रोची) झबली आणि लंगोट
– रुंद तोंडाचा, हलका, झाकण ढकलून उघडणारा पाण्याचा तांब्या किंवा बाटली
– सात कप्प्यांची गोळ्यांची डबी
– कमरेच्या उंचीचे टेबल, बाळाचे कपडे बदलण्यासाठी

झबल्यांबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण माझी सुरुवात तेथूनच झाली. टिचबटणे सोपी वाटतात, पण ती दाबताना सगळा भार अंगठ्याच्या सांध्यावर येतो. माझ्या आईने सासूबाईंनी शिवलेल्या बाराच्या बारा झबल्यांचे बंद उसवून तेथे चिकटपट्टी लावली. खरखरीत बाजू बाळाच्या त्वचेला लागू नये म्हणून ती बाहेरच्या पदरावर आणि मऊ बाजू आतल्या पदरावर घेतली. एका दुपारचे काम होते. त्यानंतर बाळाचे कपडे बदलण्यासाठी मला एकदाही कोणाला उठवावे लागले नाही.

५. बाळाला उचलणे, पाजणे आणि न्हाऊमाखू घालणे

आपण स्वाभाविकपणे बाळाच्या काखांत हात घालून, अंगठे वर करून त्याला उचलतो. त्यात बाळाचे संपूर्ण वजन मनगट आणि अंगठ्यावर येते. त्याऐवजी बाळाकडे वाकून आपली छाती त्याच्याजवळ न्या, एक पूर्ण हात कोपरापर्यंत त्याच्या मानेखाली आणि पाठीखाली सरकवा, दुसरा ढुंगणाखाली, आणि दोन्ही हात अंगाशी घेऊन मग उभ्या राहा. बोटे फक्त आधाराला असतात, वजन कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागावर असते. ही पद्धत मला फिजिओथेरपिस्टने एका उशीवर करून दाखवली. तुम्हीही बाळ येण्याआधी तीन किलोच्या तांदळाच्या पिशवीवर सराव करू शकता.

पाजताना मांडीवर घेऊन हाताने डोके पेलण्याची रूढ बैठक सर्वांत थकवणारी ठरते. बाळाचे अंग आपल्या काखेखालून मागे जाईल अशा रीतीने त्याला लोडावर बाजूला ठेवून पाजले तर हात जवळजवळ मोकळा राहतो. रात्री कुशीवर झोपून पाजणे सोयीचे असते, पण पाजून झाल्यावर बाळाला त्याच्या जागेवर, पाठीवर, उशा-लोड दूर करून ठेवायला दुसरे माणूस जागे असले पाहिजे. गुंगी आणणारे औषध घेतले असेल त्या रात्री बाळाला शेजारी घेऊन झोपूच नये.

आंघोळीच्या बाबतीत माझे मत ठाम आहे: पहिले तीन महिने ती दुसऱ्यावर सोपवा. पाटावर बसून, पाय लांब करून, तेल लावलेले निसरडे बाळ पायांवर पेलणे हे सुजलेल्या बोटांचे काम नव्हे. न्हाऊ घालणारी मावशी मिळाली तर फारच चांगले. तुम्ही शेजारी खुर्चीवर बसून बाळाशी बोलत राहा. त्याला आवाज आईचाच हवा असतो.

६. सव्वा महिन्याच्या रीतीभाती: काय ठेवावे, काय टाळावे

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाजरीची भाकरी, भरपूर विश्रांती, पाहुण्यांवर मर्यादा या सगळ्याचा मला फायदाच झाला. कोमट तेलाने हलक्या हाताने केलेली मालिशही सुखावते. परंतु जो सांधा लाल, गरम आणि सुजलेला आहे तो रगडू देऊ नका. मालिश करणाऱ्या बाईला तो सांधा आधी बोट ठेवून दाखवा. अशा सांध्यावर मला शेकापेक्षा ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाने आराम पडत असे. आखडलेल्या सांध्यांना मात्र गरम पाणीच बरे वाटते.

बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवू देऊ नका. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू आईला आणि बाळाला दोघांनाही घातक आहे.

काढ्यांविषयी वडीलधाऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा बाटली डॉक्टरांना दाखवणे मला सोपे गेले. आसवे आणि अरिष्टे आंबवून केलेली असल्याने त्यांत मद्यार्क असतो, आणि तुमच्या औषधांमुळे यकृताच्या तपासण्या आधीच चालू असतात, हे कारण घरात पटले. संधिवातावरच्या बिनलेबलाच्या पुड्या मात्र कोणी कितीही प्रेमाने आणल्या तरी घेऊ नका. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळल्याची उदाहरणे आहेत. त्यांनी दोन दिवसांत बरे वाटते आणि ते नेमके कशामुळे, हे कोणालाच कळत नाही.

७. बाळंतपणाचे दुखणे आणि आजाराचे दुखणे वेगळे ओळखा

थकवा, कंबरदुखी, जागरणाने जड झालेले डोके हे प्रत्येक बाळंतिणीला असते. पुढील खुणा आमवाताच्या आहेत: सकाळी उठल्यावर एक तास किंवा त्याहून जास्त वेळ राहणारा ताठरपणा, दोन्ही हातांच्या त्याच सांध्यांना एकाच वेळी येणारी सूज, मूठ पूर्ण न मिटणे, आणि हालचाल केल्यावर कमी, विश्रांतीनंतर जास्त होणारे दुखणे. एका वहीत रोज फक्त दोन गोष्टी लिहा: मूठ किती वाजता मिटली आणि कोणते सांधे सुजले होते. सलग चार-पाच दिवस सकाळ जड जात असेल तर सहाव्या आठवड्याची वाट न पाहता संधिवाततज्ज्ञांना फोन करा.

आशाताई घरी येत असतील तर त्यांना हे आपणहून सांगा. रुग्णालयात प्रसूती झाली असल्यास त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट देतात. त्यांच्या प्रश्नांचा भर बाळाचे वजन, ताप, आईचा रक्तस्राव यांवर असतो, सांध्यांबद्दल त्या विचारतीलच असे नाही.

रक्ततपासणीत एक फसगत संभवते. ईएसआर हा शरीरातला दाह दाखवणारा आकडा गरोदरपणात आणि त्यानंतरही काही काळ आजार नसताना वाढलेला असतो, म्हणून केवळ त्या आकड्यावरून आजार वाढल्याचा निष्कर्ष काढू नये. सीआरपी ही दाहाचीच दुसरी रक्तचाचणी आणि प्रत्यक्ष सांध्यांची तपासणी अधिक भरवशाची. खूप थकवा असेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासून घ्या. प्रसूतीनंतर थायरॉइड बिघडणे नवीन नाही आणि त्याचा थकवा आमवाताच्या खात्यावर सहज लिहिला जातो.

ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला, टाक्यांतून पू आला, किंवा स्तन लाल होऊन दुखू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आपली काही औषधे प्रतिकारशक्ती दाबणारी असतात, त्यामुळे जंतुसंसर्गाच्या बाबतीत ‘उद्या बघू’ म्हणायला आपल्याला वाव नाही.

८. मनाचे दुखणे अंगावर काढू नका

पहिल्या दोन आठवड्यांत उगाच रडू येणे सर्वसाधारण आहे. ते दोन आठवड्यांनंतरही राहिले, बाळाविषयी काहीच वाटेनासे झाले, किंवा आपण नसलो तर सगळ्यांचे बरे होईल असा विचार येऊ लागला, तर हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. मला वाटायचे, जी आई बाळाचे बंद बांधू शकत नाही ती आई कसली. हे मी पहिल्यांदा उच्चारले ते नवऱ्यापुढे, फोनवर, आणि त्याने दुसऱ्याच दिवशी रजा टाकून गाडी पकडली. जवळचे माणूस नसेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते.

९. रजा आणि कागदपत्रे

कायद्यानुसार पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते आणि त्यातील जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. आमवात असणाऱ्या बाईने गरोदरपणात बरे वाटत असेल तर प्रसूतीपूर्वीची रजा कमीत कमी घ्यावी, असे माझे मत आहे, कारण खरी गरज नंतर पडते. प्रसूतीतून उद्भवलेल्या आजारपणासाठी आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजेची तरतूद आहे, जी बहुतेकींना ठाऊक नसते. त्यासाठीच्या प्रमाणपत्रात केवळ ‘आमवात’ असे न लिहिता ‘प्रसूतीनंतर बळावलेला’ असा उल्लेख करायला डॉक्टरांना सांगा. माझा पहिला अर्ज या एका शब्दासाठी परत आला होता. कामावर रुजू झाल्यावर बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी सुटी मिळण्याचाही हक्क आहे.

एका फाइलमध्ये पुढील कागद मूळ प्रतींसह ठेवा: निदानाचा पहिला अहवाल, संधिवाततज्ज्ञांचे पत्र, गेल्या वर्षभराच्या रक्ततपासण्या, डिस्चार्ज कार्ड, बाळाचे जन्म प्रमाणपत्र आणि लसीकरण कार्ड, रजेच्या अर्जाची पोच, विम्याची कागदपत्रे. डिस्चार्ज कार्डावर आमवात आणि चालू औषधे लिहिली आहेत का, हे रुग्णालयाच्या दारातून बाहेर पडण्यापूर्वी वाचून पाहा आणि नसतील तर तेथेच लिहून घ्या.

१०. मेथोट्रेक्सेट पुन्हा सुरू करण्यापूर्वी

अनेकींना बाळाचे अंगावरचे दूध सुटल्यावर हे औषध पुन्हा सुरू करावे लागते. त्याआधी गर्भनिरोधनाचा निर्णय झालेला असला पाहिजे, कारण हे औषध चालू असताना गर्भ राहणे धोक्याचे आहे. ‘पाळी आलेली नाही, म्हणजे दिवस जाणार नाहीत’ या समजुतीवर विसंबू नका. पाळी परत येण्याच्या आधीही गर्भ राहू शकतो. तांबी किंवा अन्य साधनाबद्दल सहाव्या आठवड्याच्या तपासणीतच बोलून घ्या. पुढचे मूल हवे असेल तर प्रयत्न सुरू करण्याच्या काही महिने आधी संधिवाततज्ज्ञांना सांगा, म्हणजे औषध बदलायला वेळ मिळेल.

मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, आणि अर्धवट झोपेत ती रोजच्या गोळ्यांबरोबर घेतली जाणे हा जिवावर बेतणारा अपघात आहे. ती रोजच्या डबीत ठेवूच नका. वेगळ्या डब्यावर ठरलेला वार मोठ्या अक्षरांत लिहा, घेतली की दिनदर्शिकेवर खूण करा, आणि तो डबा कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर कुलपात ठेवा, कारण एव्हाना बाळ रांगू लागलेले असते.